फुटामागे एक सूत

उद्यमबाग, बेळगाव
५ जानेवारी २०२५

ति. मामांना समताचा जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईनं दिलेला मोबाईल तुम्ही ट्रंकेत ठेवलाय, म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाई पाकीट बघून म्हणाल्या, "अजून कोण लिवतंय गं पत्रं?" मी सांगितलं, आमच्या निपाणीच्या मामांना दुसरं काही चालत नाही.

बातमी अशी की मी नोकरी सोडली आणि उद्यमबागेत मागच्या गल्लीत एक शेड घेऊन दुकान काढलं. गाडीच्या डिकीत सबवूफर बसवतात, त्याच्या पेट्या करते. सबवूफर म्हणजे गाण्यातला खालचा, जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर. त्याला मापात केलेली घट्ट लाकडी पेटी लागते, नाहीतर तो नुसता कुरकुरतो. प्रत्येक गाडीची डिकी निराळी, म्हणून पेटीही दर वेळी नवीन. बेळगावात हे काम करणारी मुलगी मी एकटीच असेन.

पहिली पेटी अमरदीपदादाच्या गाडीची केली. स्पीकर फळीवर पालथा ठेवला, पेन्सिलीनं कडेकडेनं गोल काढला आणि रेघेवरून कापला. मग दादानं दोन्ही हातांनी स्पीकर भोकात बसवायला धरला आणि तो सरळ पेटीत पडला. कड टेकायला लाकूडच उरलं नव्हतं! दादा म्हणाला, "अगं, हे मांजरालाबी कळलं असतं." तेव्हापासून तो दुकानात आला की आधी भोकाकडे बघतो.

आईला तुम्ही ओळखताच. बेंगळूरच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलंय, एक मे रोजी हजर व्हायचं. आई म्हणते, "एप्रिल सरूस्तवर एक तरी गाडी अशी दाखीव, जी हसत गेली आन् तक्रार घिऊन परत आली न्हाय. न्हायतर गप बेंगळूर गाठायचं." मामा, मला जायचं नाही. हे काम मला मनापासून आवडतं.

तुम्ही एकतीस वर्षं याच उद्यमबागेत, फौंड्रीत, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न केलेत. सांधा कसा करायचा एवढं तरी लिहा.

तुमची भाची,
समता

निपाणी
११ जानेवारी २०२५

चि. समतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून संताप आला. तुझ्या आईनं तुला काहीच सांगितलं नाही का? पॅटर्न शॉपच्या पलीकडे लोखंडाची ओतीव कास्टिंग घासायचा शेड होता. मध्ये नुसता पत्रा. दिवसभर छिन्नी आणि ग्राइंडर. आम्हाला वाटायचं, आपण लाकडात काम करतो, आपल्याला काय होतंय? आधी कानात शिट्टी वाजायला लागली, मग पाखरांचे आवाज गेले, मग माणसांचे. आता तुझी मामी पोराच्या पाटीवर लिहून विचारते, भाकरी देऊ का. चार वर्षं झाली, मी कुणाच्या लग्नाला गेलो नाही. माणसं हसतात तेव्हा मीही हसतो, पण कशाला ते मला कळत नाही.

आणि माझी भाची आवाजाचंच दुकान काढते! मी तुला मदत करणार नाही. बेंगळूरला जा.

स्पीकरचं भोक कडेच्या आतल्या मापानं काढायचं असतं. ते माप त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. कागद टाकून दिला असशील. आणि तुझी फळी किती जाड आहे? खिळे मारलेस की स्क्रू? हे उगीच विचारतोय.

स्पीकर चालू करून बघताना कानात बोळे घालतेस का? हे उगीच विचारत नाही.

तुझा मामा,
सत्याप्पा

उद्यमबाग, बेळगाव
२६ जानेवारी २०२५

ति. मामांना जयभीम.

तुम्ही मदत करणार नाही म्हणालात, म्हणून विचारत नाही, फक्त सांगते. कागद टाकूनच दिला होता. आता नवीन भोक बरोबर आहे. फळी आठ मिलिमीटरची होती आणि नुसते खिळे मारले होते. दुसरी पेटी अठराच्या प्लायवूडची केली, स्क्रू लावले. दिसायला झकास. गाणं लावलं तर प्रत्येक ठोक्याला कुठून तरी फुस्स, फुस्स असा वारा जातो. दादानं शेजाऱ्यांसमोर मला विचारलं, "समे, गाडीला दमा झालाय व्हय गं?" सगळी गल्ली हसली, मीही हसले, मग घरी येऊन रडले.

फट डोळ्यांना दिसत नाही. पेटीत डोकं घालून टॉर्चनं शोधली, तरी सापडली नाही. मापंही टेपनं घेते, ती कधी जमतात, कधी चुकतात. तिसऱ्यांदा गाडी परत आली. घरातलीच आहे म्हणून आईनं ती मोजली नाही.

मामीच्या पाटीचं वाचून वाईट वाटलं. मी बेळगावात आहे तोवर तुम्ही आमच्याकडे यावं असं फार वाटतं. आईही रोज तुमचं नाव काढते.

समता

निपाणी
२ फेब्रुवारी २०२५

चि. समतास आशीर्वाद.

स्क्रू लाकडं धरून ठेवतो, फट बुजवत नाही. आधी सांध्यात फेविकॉलची सलग रेघ ओढायची, मग स्क्रू आवळायचे. बाहेर आलेला गोंद बोटानं आतल्या कोपऱ्यात फिरवायचा. एक रात्र हात लावायचा नाही. तुला धीर नाही हे मला तू पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

झालेल्या पेटीची फट शोधायची तर मेणबत्ती घे. बुद्धवंदनेला लावतो ती बारीक चालेल. गाणं हळू आवाजात लावून ज्योत सांध्यासांध्यावरून फिरव. जिथं ज्योत नाचेल तिथं वारा जातोय. मी बहिरा माणूस, म्हणून मला डोळ्यांनी ऐकायची युक्ती सुचते.

तू लिहिलंस की मापं टेपनं घेतेस आणि कधी जमतात, कधी चुकतात. टेपच्या तोंडाची आकडी ढिली झाली असेल, मग टेप खोटं बोलतो. फळीवर खुणा करायला पोलादी पट्टी पाहिजे. माझी दोन फुटी पट्टी पार्सलनं पाठवतोय. एकतीस वर्षं माझ्या खिशात होती, आकडे सोडून बाकी सगळं झिजलंय. पाठवतोय म्हणजे तुझ्या दुकानाला माझी संमती आहे असं समजू नको.

पार्सलमध्ये कानाचे बोळे पण आहेत. आधी विचारलं होतं, उत्तर आलं नाही. घालतेस का?

सत्याप्पा मामा

उद्यमबाग, बेळगाव
१६ मार्च २०२५

ति. मामा, जयभीम.

मेणबत्ती! मागच्या डाव्या सांध्यापाशी ज्योत अशी नाचली की दादानं टाळ्याच वाजवल्या. गोंद भरला, फुस्स बंद. दादा आता सगळ्यांना सांगत फिरतो की आमच्या घरात मेणबत्तीनं गाड्या दुरुस्त करतात.

पट्टी मिळाली. गुळगुळीत, गार आणि जड. हातात घेतल्यावर मला एकदम कारागीर झाल्यासारखं वाटलं. आता सगळ्या खुणा तिनंच करते.

आणि खरंखुरं गिऱ्हाईक आलंय. हिंडलग्याचा भरमू. घरची शेती आहे, दिवसा एका ऑफिसची गाडी चालवतो, आणि स्वतःची जुनी गाडी देवासारखी पुसतो. मी त्याला सरळ सांगितलं की आतापर्यंत एक स्पीकर पेटीत पडलाय आणि एका पेटीला दमा झालाय. तो म्हणाला, "आक्का, चुकल्याली मानसं बरी. न चुकल्याली पुढं माझ्याच गाडीवर चुकायची." पाडव्याला गाडी पाहिजे म्हणाला.

डिकीत दोन्हीकडे चाकांचे फुगवटे आहेत, त्यामधली जागा टेपनं मोजली, कारण तिथं पट्टी आडवी जात नाही. सव्वा छत्तीस इंच. पेटी छत्तीस इंचाची करतेय, म्हणजे पाव इंच, दोन सूत मोकळी जागा. फळ्यांवर तुमची पट्टी दोनदा लावून खुणा केल्यात. मामा, अशी पेटी मी अजून केली नव्हती. काटकोन बघून माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

ही गाडी हसत गेली की मी इथंच.

समता

उद्यमबाग, बेळगाव
३० मार्च २०२५, पाडवा

ति. मामा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. पेटी डिकीत जात नाही.

एक फट नाही, एक खिळा वाकडा नाही, मेणबत्ती सगळीकडून फिरवली, ज्योत जागची हलली नाही. आणि फुगवट्यांपाशी येऊन ती एका सुतानं अडते. फक्त एका सुतानं! भरमूनं मागून ढकललं, दादानं पुढून ओढलं, मी कापड लावून बघितलं. पेटी परत मोजली तर तुमच्या पट्टीनं बरोबर छत्तीस. म्हणजे मी डिकीच चुकीची मोजली. टेप खोटा आहे हे तुम्ही लिहिलं होतं, तरी मी त्याच टेपनं मोजलं.

भरमू एक शब्द वाकडा बोलला नाही. "ऱ्हाऊ दे आक्का, घाई न्हाय," म्हणाला आणि गाडीला तोरण बांधून रिकामी डिकी घेऊन गेला. ते जास्त लागलं. आई शेडच्या दारात उभी होती. घरी जाऊन तिनं माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवली.

जिला साधं मोजता येत नाही तिनं पेट्या करू नयेत. तुमचं म्हणणं खरं होतं. मी कंपनीला होकार कळवते. पट्टी दादाबरोबर परत पाठवीन.

समता

निपाणी
९ एप्रिल २०२५

चि. समता,

तुझं पत्र मला तीन तारखेला मिळालं. आज नऊ. मधले सहा दिवस मी काय केलं ते आधी सांगतो, कारण ते सांगायला मला लाज वाटते.

पत्र वाचून मला बरं वाटलं. पोरगी सुटली आवाजातून, कान वाचले तिचे, असं म्हणून मी चहा मागितला. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं. 'एका सुतानं.' आणि त्याआधीच्या पत्रात, 'पट्टी दोनदा लावून.' कप तसाच ठेवून ट्रंक उघडली. माझी साधी पट्टी ट्रंकेतच होती.

पोरी, तुझं माप बरोबर होतं. तुला पाठवली ती पॅटर्नवाल्याची पट्टी आहे. वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून ती पट्टीच मुळात लांब बनवलेली असते, फुटामागे एक सूत जास्त. आकडे मात्र नेहमीसारखेच. तिच्यावर तसं कोरलेलं होतं, ते झिजलं. तुझ्या तीन फुटांत तीन सूत वाढले, तू दोन मोकळे सोडले होतेस, राहिला एक. त्या एकानं पेटी अडली. टेप बिचारा खरं बोलत होता.

मी कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी उलटी चूक केली होती. साध्या पट्टीनं पॅटर्न केला आणि पंपाची चाळीस कास्टिंग बारीक आली. सगळी परत भट्टीत गेली. फोरमननं ती माझ्याच हातानं गाड्यावर भरायला लावली. तेव्हापासून माझा हात न बघता त्या मोठ्या पट्टीकडेच जातो. तुझं पार्सल बांधतानाही तसाच गेला.

म्हणजे मी गप्प बसलो असतो तर मला पाहिजे होतं तेच झालं असतं. सहा दिवस मी गप्प बसून बघितलं. जेवण जाईना. काल तुझ्या मामीनं पाटीवर लिहिलं, 'काय झालंय?' मी सांगितलं. तिनं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लाज वाटत न्हाय? उठा.'

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतो. पेटीला हात लावू नको, आणि कंपनीला काही कळवू नको.

सत्याप्पा मामा

उद्यमबाग, बेळगाव
१७ एप्रिल २०२५

ति. मामा, जयभीम.

तुम्ही शुक्रवारी आलात आणि तुमचं पत्र शनिवारी! दारात तुम्हाला बघून आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. तुम्ही दोन्ही पट्ट्या टेबलावर एकीशेजारी एक ठेवल्यात आणि माझ्याकडे बघत उभे राहिलात, तेव्हा मला चूक कळली. पण ते सहा दिवस मला पत्रातूनच कळले. मामा, मी रागावलेली नाही. मी तुमच्या जागी असते तर कदाचित सातवा दिवसही गप्प बसले असते.

जे तुम्हाला त्या दोन दिवसांत ऐकू आलं नाही ते सगळं लिहून काढायचं ठरवलंय.

तुम्ही पेटीची एक बाजू आरीनं उतरवत होतात तेव्हा भरमू माझ्या कानाशी म्हणाला, "आक्का, म्हातारं पेटी फाडतंय काय शिवतंय?" मग तुम्ही फळ्या तीन सूत कमी केल्यात, नवीन बाजू लावलीत, आणि सांधा कुठला ते त्याला बोट फिरवूनही सापडेना. तेव्हा तो म्हणाला, "हे मानूस हितं ठिऊन घ्या, मी जेवान घालतो."

दुसऱ्या दिवशी पेटी डिकीत सरकली ना, तेव्हा दादा ओरडला. तुम्ही मागे वळून बघितलंत, म्हणजे तेवढं जाणवलं असेल. तो "गेली! गेली!" म्हणत होता, आणि पलीकडच्या फौंड्रीतले कामगार काय गेलं म्हणून धावत आले.

गाणं लावल्यावर तुम्ही तळहात पेटीवर ठेवून डोळे मिटलेत. मग हात उचलून डिकीच्या डाव्या कोपऱ्याकडे दाखवलंत आणि म्हणालात, "हितं कायतरी नाचतंय." आम्हाला तिघांना धडधाकट कानांनी ते ऐकू आलं नव्हतं. स्टेपनीचा पाना ढिला होता. तो काढल्यावर आवाज असा भरून आला की भरमूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "लई भारी. माझी गाडी पयल्यांदा बोलली."

आणि आई. तुम्ही हात ठेवून हसत होतात. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "चार वर्सांत अण्णाला असं हसताना बघितलं न्हाय." घरी आल्यावर तिनं बॅग परत माळ्यावर ठेवली. मी विचारलं, "आई, म्हणजे?" तर म्हणाली, "म्हंजे काय म्हंजे? गाडी हसत गेली का न्हाय? मग ऱ्हा हितंच." कंपनीला होकार कळवायचं मी रोज उद्यावर ढकलत होते, ते बरंच झालं.

आज पाच दिवस झाले, भरमूची गाडी परत आलेली नाही. म्हणजे आली होती, पण त्याच्या चुलतभावाला घेऊन, त्यालाही तशीच पेटी पाहिजे.

आता एक राहिलेलं उत्तर. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा गाळलं. बोळे घालत नव्हते. जानेवारीपासून घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजायची. तुमच्या पहिल्या पत्रात शिट्टीचं वाचलं आणि घाबरून पत्र उशीखाली ठेवलं. कुणाला सांगितलं तर दुकान बंद होईल असं वाटलं. पण त्या दिवशी गाणं लावायच्या आधी तुम्ही खिशातून बोळे काढलेत आणि आधी स्वतःच्या कानात घातलेत. तुमच्या! ज्यांना काही ऐकू येत नाही त्यांच्या! मग दुसरी जोडी माझ्यापुढे धरलीत. मला हसू आलं आणि रडूही आलं.

परवा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, वेळेवर आलीस, अजून नुकसान झालेलं नाही, पण आता हयगय नको. आता बोळ्यांशिवाय स्विचला हात लावत नाही. गिऱ्हाइकालाही देते. दारावर तशी पाटी लावलीय.

पेटीवर हात ठेवल्यावर तुम्हाला काय वाटलं, ते तुम्ही सांगितलंच नाही.

समता

निपाणी
२३ एप्रिल २०२५

चि. समतास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मामीला दोनदा वाचून दाखवलं. चार वर्षांत आजूबाजूला काय बोललं गेलं ते मला कुणी असं सगळं लिहून दिलं नव्हतं. भरमूला सांग, म्हाताऱ्यानं पेटी फाडलीही आणि शिवलीही.

शिट्टीचं मला माहीत होतं. तू तीन पत्रांत गोंदापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळं लिहिलंस आणि एकच प्रश्न सोडलास. मीही डॉक्टरकडे जायच्या आधी दोन वर्षं तेच केलं होतं. म्हणून पत्रानं न विचारता बोळे घेऊन आलो.

हाताला काय वाटलं ते विचारतेस. ठोका तळहातातून कोपरापर्यंत आला. मग छातीत. आमच्या लग्नात दारात हलगी वाजली होती, ती मला आठवली, आणि मी ते गाणं ऐकत होतो, पोरी. शब्द नव्हते, पण ऐकत होतो. आवाजानं माझं सगळं नेलं म्हणून मी त्याच्यावर डूख धरून बसलो होतो. त्यानं थोडं परत दिलं. मला फार आनंद झाला, तेव्हा सांगता आलं नाही.

मोठी पट्टी परत पाठवू नको. तिच्यावर लाल रंग मार आणि भिंतीवर टांग, म्हणजे नवीन माणसाला कळेल की मामासुद्धा चुकतो. साधी पट्टी तुझ्या खिशात ठेव.

भरमूच्या चुलतभावाच्या डिकीचं माप मी येईपर्यंत घेऊ नको. सोमवारी साडेआठच्या गाडीनं येतोय, मामीनं डबा दोन दिवसांचा बांधायचं ठरवलंय. तुझ्या कानात बोळे दिसले नाहीत तर मी त्याच गाडीनं परत जाईन.

आणि खरं सांगतो, मला परत जायचं नाही.

तुझा मामा,
सत्याप्पा